एक मिलिमीटर जास्त

उद्यमनगरातल्या त्या गल्लीत सगळेच ओरडून बोलत. यंत्रांच्या घरघरीत हळू बोललेले ऐकू येत नसे आणि तशी कुणाला सवयही नव्हती. त्यामुळे पौषातल्या एका सोमवारी कुणीतरी अगदी मृदू स्वरात "माफ करा… इथे पंजा ओतून मिळेल का?" असे विचारले, तेव्हा तो स्वर करवतयंत्राच्या आवाजातून विश्वजित चौगुलेपर्यंत पोचला कसा, हे कोडे त्याला पुढे कधीच सुटले नाही. त्याने यंत्र बंद केले आणि वर पाहिले.

दारात फिक्या निळ्या सुती साडीतली एक तरुणी उभी होती. सागवानाचा भुसा उन्हात तरंगत होता आणि त्यातले दोन-चार कण तिच्या केसांवर अलगद उतरले होते.

"कुनाचा पंजा म्हनं? वाघाचा हाय काय?" पलीकडच्या गाळ्यातून गुंडूकाका ओरडले. पितळ ओतण्यात त्यांची हयात गेली होती आणि विश्वजितने लाकडात कोरलेल्या पॅटर्नचे वाळूत साचे घेण्याचे काम गेली वीस वर्षे तेच करीत होते.

"कुत्र्यांचे," ती म्हणाली. "दोघांचे."

गल्लीत हशा पिकला. ती आधी तीन गाळ्यांत असा हशा ऐकून आलेली असावी, कारण तिने पर्सचा पट्टा घट्ट धरला आणि ती वळू लागली.

"माप काय आहे?" विश्वजितने विचारले.

ती थांबली. थट्टेची तयारी करून आलेल्या तिला मापाचा प्रश्न अनपेक्षित होता.

"एक पासष्ट मिलिमीटर रुंद आहे. दुसरा अठ्ठावन्न. पण दुसऱ्याला एक बोट कमी आहे…" ती क्षणभर अडखळली. "घराच्या पायरीत उमटलेत. पुराचं पाणी आत येतं म्हणून जोतं वाढवतोय आम्ही. गुरुवारी पायरी फोडणार."

"आणि ते दोघं?"

"काकवी दिवाळीत गेली. भडंग परवा… महिना झाला."

विश्वजितने खिशातली वही काढली. पासष्ट, अठ्ठावन्न, एक बोट कमी, गुरुवार, असे क्रमाने लिहून घेतले. मग नाव विचारले.

"त्रिशला."

ते त्याने वहीत लिहिले नाही. त्याची गरज भासली नाही.

बुधवारी संध्याकाळी तो प्लॅस्टरची पिशवी घेऊन शाहूपुरीतल्या त्यांच्या घरी गेला. तिचे वडील नेमिनाथ, ज्यांना ती अण्णा म्हणे, व्हरांड्यात बसले होते. बिद्रीच्या साखर कारखान्यात रसायनतज्ज्ञ म्हणून त्यांनी तीस वर्षे काढली होती. त्यांनी पाहुण्याला चहा विचारला, त्याच्या प्लॅस्टरमधल्या पाण्याचे प्रमाण विचारले आणि उत्तर पटल्यावरच पुन्हा वर्तमानपत्र उघडले.

पायरीवर दोन पंजे होते. एक रुंद, ठसठशीत, अर्धा इंच खोल. दुसरा नाजूक, तीन बोटांचा.

"ही काकवी," त्रिशला तीन बोटांच्या ठशाशेजारी बसत म्हणाली. "कोडोलीच्या एका गुऱ्हाळाबाहेर सापडली. पायावर उकळता रस सांडलेला. अण्णा म्हणाले, हिचा रंग तर पक्क्या काकवीचा, चौथ्या दर्जाचा. तेच नाव पडलं."

"आणि हा दांडगा?"

"भडंग. इचलकरंजीच्या स्टँडवर भडंगाच्या रिकाम्या पोत्यात झोपलेला. मी तिथे कापडाच्या तपासणीत आहे… इंचात किती धागे ते मोजते. त्या दिवशी संध्याकाळची बस चुकली, आणि हा भेटला."

"नशीबवान."

"कोण? तो की मी?"

"बस," विश्वजित म्हणाला. "चुकली म्हणून लोक तिला अजून आठवतात."

ती हसली. पायरीच्या कडेवरची धूळ झटकण्याच्या निमित्ताने तिने मान खाली घातली, परंतु हसू लपले नाही.

प्लॅस्टर घट्ट व्हायला अर्धा तास लागत होता. तेवढ्यात तिने खूप सांगितले. आई गेल्यावर या घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. अण्णा आणि ती एकमेकांना जपत, म्हणजे एकमेकांपासून लपत. मग भडंग आला, आणि त्याने पहिल्याच आठवड्यात अण्णांचा चष्मा मोडला, एक पंचांग आणि देवघरातले आसन फाडले. त्याच्यावर ओरडावेच लागे. "मी ओरडायची, अण्णा ओरडायचे, भडंग उलट ओरडायचा. घर बोलकं झालं ते असं. आणि काकवीला लंगडत का होईना, रोज रंकाळ्यापर्यंत जायचं असायचं. अण्णांची साखर तिने उतरवली, डॉक्टरांनी नाही. लोक म्हणतात, तुम्ही त्यांच्यावर उपकार केले. मला हिशेब उलटा वाटतो."

मग तिने व्हरांड्याकडे पाहून आवाज आणखी खाली आणला. "भडंगचं एक गुपित आहे. आमच्या घरी शाकाहार, दूध-भाकरी. पण हा दर रविवारी मागच्या गल्लीत जायचा आणि नाक तांबडं करून यायचा. मी अण्णांना दिसायच्या आत पुसून टाकायची. त्यांना अजून माहीत नाही."

व्हरांड्यात वर्तमानपत्राचे पान उलटले गेले.

जाताना विश्वजितने पाहिले, ती त्या तीन बोटांच्या ठशात आपली तीन बोटे ठेवून बसली होती. रोज सकाळी पायरीवर पाणी शिंपडताना ती असेच करीत असावी. बोटे नेमकी बसत होती. दुसऱ्या दिवशी पायरी फुटली.

पुढचे दहा दिवस विश्वजितने दुसरे काम हाती घेतले नाही. प्लॅस्टरचा ठसाच लाकडी फळीत बसवून त्याने नव्या पायरीसाठी पाटीचा पॅटर्न केला, गुंडूकाकांनी साचा घेतला, दोघांनी मिळून पितळ ओतले. शनिवारी पाटी घासूनपुसून समोर आली; सोन्यासारखी झळझळत होती. विश्वजितने सवयीने रुंद पंज्याला मापाचा व्हर्नियर लावला आणि त्याचा चेहरा उतरला.

चौसष्ट.

"काय झालं रं?" गुंडूकाकांनी विचारले.

"श्रिंकेज धरलं नाही, काका."

पितळ थंड होताना आकसते. म्हणून पॅटर्न नेहमी किंचित मोठा करायचा असतो. हा या धंद्याचा पहिला धडा. पंपाच्या आवरणापासून देवळाच्या घंटेपर्यंत हजारो पॅटर्नना त्याने ती वाढ दिली होती. या एकाच वेळी ठसा जसाच्या तसा उचलला होता.

"आरं, समद्या कोल्हापूरला वाढ दिलीस, अन् पंज्याला इसरलास?" काकांनी कपाळावर हात मारला. मग त्याच्याकडे निरखून बघत मिशीत हसले. "ध्यान कुठं हुतं म्हनायचं तुजं?"

"परत करू. प्लॅस्टर आहे की."

"न्हाय. वल्या वाळूत भुसभुशीत झालं. काकवीचा भाग निखळला, दुसराबी निम्मा गेला." काकांचा आवाज प्रथमच हळू झाला. "दे जा तशीच. येक मिलिमीटर हाय. कुत्र्याच्या पंज्यातला येक मिलिमीटर कोन बघनार हाय?"

इंचातले धागे मोजणारी एक व्यक्ती बघणार होती. ती कदाचित बघणारही नाही. पायरी तर आता जगात नव्हती. ताडून पाहायला काहीच उरले नव्हते. रविवारी सकाळी पाटी कापडात गुंडाळून शाहूपुरीकडे निघालेल्या विश्वजितला वाटेत एवढेच कळत होते, की आज गप्प राहिले तर चूक कायमची झाकली जाईल. आणि त्या घरात तो पुन्हा कधी ताठ मानेने बसू शकणार नाही.

नवी पायरी तयार होती. मध्ये पाटीपुरता चौकोन मोकळा ठेवला होता. त्रिशलाने कापड उलगडले. तिने तीन बोटे काकवीच्या ठशात ठेवली. बोटे किंचित… अगदी किंचित दाटली. तिच्या पापण्या क्षणभर मिटल्या.

"फार सुंदर झालंय," ती म्हणाली. "तुमचे आभार कसे मानू, चौगुले?"

"मानू नका," विश्वजित म्हणाला. "तो एक मिलिमीटर लहान आहे. माझी चूक आहे. आणि प्लॅस्टरही मोडलं. मी… दुसऱ्याच विचारात होतो."

"माहीत आहे मला."

"दुसऱ्या विचारात होतो ते?"

"लहान आहे ते!" तिचे कान लाल झाले. "बोटं ठेवली तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या हातावर भाजल्याचे तीन डाग दिसले. आभार मानायच्या वेळी माप काढू नये, असं अण्णा म्हणतात."

विश्वजितने पाटी पुन्हा कापडात गुंडाळली. "हा चौकोन तसाच राहू दे. मी पंजा लाकडात कोरतो. माझ्या वहीत मापं आहेत, पण खोली नाही, उतार नाही, आणि या पाटीतला आकसलेला. खरा आता एकाच ठिकाणी शिल्लक आहे." त्याने तिच्या बोटांकडे पाहिले. "तुम्हाला यावं लागेल."

ती आली. इचलकरंजीची बस उद्यमनगरच्या कोपऱ्यावर साडेसहाला थांबे आणि पावणेसातला ती पॅटर्नच्या गाळ्यात असे. विश्वजितने आधी मऊ लाकडाच्या तुकड्यावर खऱ्या मापाचा पंजा कोरायला घेतला. ती डोळे मिटून त्यात बोटे ठेवी.

"इथे आणखी खोल… नाही, थांबा. डावीकडे जास्त. दुखऱ्या पायावर ती भार टाकायची नाही ना, म्हणून या बाजूला उथळ."

"असं?"

"हं… अजून एक केसभर."

पटाशीखालून एक सोनेरी ढलपी उडे, ती पुन्हा बोटे ठेवी. कधी त्याची बोटे तिथेच राहून गेलेली असत, आणि मग दोघांनाही एकदम काहीतरी आठवे: त्याला दिव्याचे बटण, तिला बसची वेळ.

"पावणं, बस गेली बरं का!" पलीकडून गुंडूकाका ओरडत. "आमच्या चौगुल्याची गाडी हाय की सोडायला. तुमास्नी चालत सोडाया मिळावं म्हनून दुरुस्तीला न्हेली म्हनला हुता, पर ती मागं हुबी हाय!"

"काका!"

"मी काय म्हनलो? गाडी हाय म्हनलो."

नवव्या दिवशी तिने बोटे ठेवली आणि उचललीच नाहीत. तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आले आणि ओठांवर हसू.

"हीच," ती म्हणाली. "ही काकवी."

विश्वजितने भिंतीवरची एक पोलादी पट्टी काढली. "आता हेच माप सागवानावर. पण या पट्टीने. हिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा थोडा मोठा असतो. वितळलेला धातू निवला की आकसतो, म्हणून जे जपायचं ते आधीच थोडं मोठं करून ठेवायचं. मागच्या वेळी हीच पट्टी भिंतीवर राहिली."

त्रिशलाने ती पट्टी हातात घेतली, तिच्या खुणांवरून अंगठा फिरवला.

"ते दोघं गेल्यावर मला वाटलं होतं, घर पुन्हा पहिल्यासारखं होईल. आकसेल. नाही झालं. अण्णा अजून रोज रंकाळ्याला जातात. अजून आम्ही मोठ्यानेच बोलतो." ती थांबली. "त्यांनी आधीच मोठं करून ठेवलं होतं, नाही का?"

त्या रात्री सागवानावर पहिली रेघ मारताना त्याचा हात नेहमीपेक्षा स्थिर होता.

फेब्रुवारीतल्या तिसऱ्या रविवारी दुपारी पाटी बसली. सिमेंट सुकेपर्यंत कुणी पाय ठेवू नये म्हणून अण्णांनी दोन विटा आडव्या लावल्या आणि ते व्हरांड्यात वर्तमानपत्र घेऊन बसले. त्रिशला पायरीशी वाकली. तीन बोटे ठशात ठेवली. नेमकी बसली, जराही कमी नाही, जराही जास्त नाही. तिने विश्वजितचा हात धरला आणि त्याची बोटे शेजारच्या, भडंगच्या पंज्यात ठेवली.

ती मावली नाहीत. पटाशी धरून धरून जाड झालेली त्याची बोटे कडेलाच अडली.

"तुमचं माप चुकलं," ती हसली.

"माझ्या मापाचा पंजा हवा असेल," विश्वजित बोटांकडे बघतच म्हणाला, "तर मोठ्या पंज्याचं कुणीतरी आणावं लागेल. शिरोलीच्या नाक्यावर एक बसलेला असतो. कान तुटका आहे. रोज बघतो मी… पण मी घरात एकटा, दिवसभर गाळ्यावर. आणायचं धाडस होत नाही."

"आणू या की."

"कुणाच्या घरी?"

तिने त्याचा हात सोडला नव्हता. "ते तुम्ही सांगायचं. मी आणू या म्हणाले."

"आपल्या," विश्वजित म्हणाला. आयुष्यात प्रथमच त्याने माप न घेता काही बोलून टाकले होते. मग धीर खचून त्याने घाईने जोडले, "पण त्रिशला, आमच्या घरी… म्हणजे, मी चौगुले. तांबडा-पांढरा रस्सा… अण्णांना काय वाटेल?"

दोघांनीही व्हरांड्याकडे पाहिले. वर्तमानपत्र हलले नाही. परंतु त्याच्या मागून, अगदी शांत, पाण्याचे प्रमाण विचारणाऱ्या स्वरात अण्णांचा आवाज आला.

"आमचा भडंग दर रविवारी मागच्या गल्लीत जाऊन तांबडा रस्सा चाटून यायचा. आठ वर्षं. कन्या घाईघाईने त्याचं नाक पुसायची, आणि मी पेपर वाचायचो." पान उलटले गेले. "त्याला कधी घराबाहेर काढलं का? बाहेर खावं, तोंड पुसून घरात यावं. एवढीच अट."

त्रिशलाने साडीचा पदर तोंडावर धरला आणि तिचे खांदे हसण्याने गदगदू लागले.

रविवार होता. विश्वजितने जेवून येतानाच चूळ भरली होती, तरी त्याचा हात नकळत ओठांवरून फिरला.