पिवळी जेवत नाही

"हे चौघं एकाच टाकीत राहणार?"

मागून आवाज आला तेव्हा माझं नाक काचेला टेकलं होतं. शोभेच्या माशांच्या त्या चिंचोळ्या दुकानात मी मघापासून बोटानं दाखवत होते — हा पिवळा, तो मोरपिशी, हा नारिंगी, आणि तो कपाळावर टेंगूळ असलेला पट्टेवाला. दुकानदारानं जाळं भिजवायला घेतलं होतं. मी वळून पाहिलं, तर एक जण झाकणाची बादली पोटाशी धरून उभा. कोपरापर्यंत बाह्या ओल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि तो वर सारायला हात मोकळा नाही.

"का? नाही राहणार?"

"राहतील ना. आठवड्यानं एकच राहील."

"काही होत नाही, ताई," दुकानदार म्हणाला. "सवय होते त्यांना एकमेकांची."

"मलाही हेच सांगितलं होतं यांनी." बादलीवाल्यानं झाकण किलकिलं केलं. आत काळ्या-सोनेरी पट्ट्यांचा एक मासा गरगर फिरत होता. "फार देखणा आहे, नाही? यानं माझे तीन मासे मारले. मीही तुमच्यासारखाच रंग बघून घेतला होता... परत करायला आलोय."

बोलताना चष्मा आणखी घसरला. मी डोळे तपासते, चष्मे बसवून देते — दिवसभर तेच काम. घसरलेला चष्मा मला बघवत नाही. माझा हात आपोआप पुढे गेला आणि मी तो वर सरकवला.

मग भान आलं, आणि मी हात मागे घेतला.

"काड्या सैल झाल्यात," मी कशीबशी म्हणाले. "माझ्या चष्म्यांच्या दुकानात या, आवळून देईन."

"येईन," तो म्हणाला. "पण आधी तुमचे मासे."

तो जनावरांचा डॉक्टर होता. कुत्री-मांजरी हे त्याचं काम, आणि दवाखान्यातली टाकी हा छंद. त्या दिवशी मी मासे न घेताच बाहेर पडले, कारण त्यानं दुकानाच्या पायरीवर उभं राहून मला जे सांगितलं त्यानं माझी झोप उडाली. हे सगळे आफ्रिकेतल्या मोठमोठ्या सरोवरांतले मासे, सिक्लिड. रंग समुद्रातल्या माशांसारखे, पण स्वभाव शेजाऱ्याच्या भिंतीवरून भांडणाऱ्या माणसांचा. एका सरोवरातले दुसऱ्यातल्यांबरोबर ठेवू नयेत. शाकाहारी आणि मांसाहारी एका पंगतीला बसवू नयेत. सारख्या रंगाचे दोन नर म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. आणि सगळे एकाच दिवशी सोडायचे, नाहीतर जो आधी येतो तो घरमालक होतो आणि बाकीचे भाडेकरू.

"एवढी काळजी घ्यायची असेल तर नकोच," मी म्हणाले.

"कुणासाठी घेताय?"

"बाबांसाठी."

बाबा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या. आमच्या भागातली निम्मी अक्षरं त्यांच्या हातची. गेल्या वर्षी झटका आला आणि उजवा हात गेला, वाचाही गेली. उरला एकच शब्द — नको. चहा हवा का विचारलं तरी "नको" म्हणायचे आणि डावा हात कपाकडे न्यायचे. बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून दिवसभर समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघायचे. त्या भिंतीपाशी मला रंग आणून ठेवायचे होते.

हे मी एका अनोळखी माणसाला रस्त्यात उभं राहून सांगितलं. त्यानं मध्ये एकदाही "अरेरे" म्हटलं नाही. फक्त विचारलं, "भिंत किती लांब आहे?"

चार फुटांची टाकी आली. दगड आले. डॉक्टरनं ते एकमेकांवर रचून कपारी केल्या. मार खाणाऱ्याला पळायला जागा हवी आणि मारणाऱ्याला तो दिसायला नको, असं त्याचं म्हणणं. पाणी भरलं, गाळणी सुरू झाली. पण मासे लगेच सोडायचे नाहीत. पाणी मुरू द्यावं लागतं, नाहीतर मासे मरतात. दर तीन-चार दिवसांनी तो संध्याकाळी येई, काचेच्या नळीत पाणी घेई, त्यात रसायनाचे थेंब सोडी आणि नळी उजेडाकडे धरून म्हणे, "अजून नाही."

"मग कधी?"

"घाई आहे?"

"मला नाही. बाबा नुसते दगड बघतायत."

"बघू देत. छान रचलेत मी."

असं बोलणं चालायचं. तो निघाला की मी दारापर्यंत जायचे, आणि छत्री, बूट, चष्म्याच्या काड्या यांवर अंमळ जास्तच बोलणं व्हायचं. एकदा तो दुकानात आला. काड्या आवळायच्या राहिल्या, मी त्याची नजरच तपासत बसले. अंधाऱ्या खोलीत त्याच्या डोळ्यात उजेड टाकून वाकले.

"काय दिसतंय?" त्यानं विचारलं.

"हलू नका."

"मी हलत नाहीये. तुमचा हात हलतोय."

शेवटी मासे आले. सगळे एकाच सरोवरातले, मलावीचे, आणि त्यातल्या त्यात शांत घराण्यांतले — लिंबासारखे पिवळे, गंजलेल्या लोखंडावर जांभळी झाक यावी तसे, आणि पिवळ्या शेपटीचे जांभळे. बाबांनी खुर्ची पुढे ओढून घेतली. त्या दिवसापासून ते भिंत विसरले. एक गुटगुटीत पिवळी त्यांची विशेष लाडकी झाली. ते काचेवर बोट ठेवायचे आणि ती बोटाशी यायची.

मी आनंदी व्हायला हवं होतं. पण माझ्या मनाला सुख दिसलं की त्याची दुसरी बाजू उलटून बघायची खोड आहे. टाकी ठीक झाली म्हणजे डॉक्टरचं काम संपलं. आता तो कशाला येईल? एकदा भांडी घासता घासता मी मनाशी म्हटलंसुद्धा — काहीतरी बारीकसं बिघडू दे. फार नाही. बारीकसंच.

आणि पिवळी जेवायची थांबली.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. इथं तर माझ्याच मनानं मागितलं होतं. चारा टाकला की सगळे वर झेपावत आणि ही कपारीत तोंड मिटून बसे. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. गळा सुजल्यासारखा, अंग मात्र बारीक होत चाललेलं. बाकीचे तिला हुसकावत. मी कामावरून घरी पळत यायचे आणि दारातूनच बघायचे, ती उलटी तर तरंगत नाही ना. बाबांना ती गेलेली दिसली तर? इतक्या महिन्यांनी माणूस कशात तरी रमला होता.

मी फोन केला तेव्हा मला रडू फुटलं. डॉक्टर दवाखाना बंद करून तसाच आला. बराच वेळ काचेपाशी वाकून बसला.

"पोटाचा आजार वाटतोय," तो म्हणाला. "या माशांना होतो. वेगळ्या भांड्यात काढून औषध देऊ."

"वाचेल?"

त्यानं बाह्या वर सारल्या. जाळं पाण्यात घातलं.

"नको," बाबा म्हणाले.

आम्ही लक्ष दिलं नाही. बाबा सगळ्यालाच नको म्हणतात. जाळं कपारीशी गेलं, पिवळी घाबरून दगडावर आपटली.

"नको. नको." बाबांनी काठी उचलली आणि जमिनीवर आपटली. मग टाकीच्या चौकटीवर. मी त्यांचा हात धरायला धावले, डॉक्टरच्या हातून जाळं सुटलं, पाणी फरशीवर सांडलं. बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं.

आणि मी, माझ्या भीतीला दुसरीकडे जागा न सापडल्यामुळे, डॉक्टरवर उलटले.

"तुम्हीच निवडले होते ना हे? तुम्हीच म्हणालात यांचं जमेल म्हणून. बघा काय झालं. बाबांची काय अवस्था केलीत बघा. जा तुम्ही आता. येऊ नका."

त्यानं जाळं उचललं, झटकलं, जागेवर ठेवलं. "औषध ठेवून जातो," एवढंच म्हणाला. चष्मा घसरला होता. तो त्यानं स्वतःच वर सारला आणि गेला.

मी औषध घातलं नाही. बाबा काठी घेऊन टाकीशेजारी राखणीला बसले होते. डॉक्टरचा फोन आला नाही. मीही केला नाही. रोज फोन हातात घ्यायचे, काय बोलायचं ते ठरवायचे... आणि ठेवून द्यायचे. दुकानात एका आजोबांना मी दोनदा तोच तक्ता वाचायला लावला. "बाई, मला दिसतंय. तुम्हालाच दिसत नाहीये," ते म्हणाले.

दोन आठवडे असेच गेले. मग एका रविवारी सकाळी मी आतून चहा घेऊन आले, आणि कप हातातून पडायचाच बाकी राहिला. बाबांनी दोन्ही गाल फुगवले होते. ओठ घट्ट मिटलेले, जबडा विचित्र हलत होता, चेहरा लाल.

पुन्हा झटका.

"बाबा, माझ्याकडे बघा. डावा हात वर करा. बाबा..." मी फोन शोधायला लागले, तो हाताखालीच असून दिसेना. बाबांनी डावा हात वर केला. व्यवस्थित वर केला, आणि त्याच हातानं माझी मान धरून मला काचेकडे वळवलं. चिडलेच होते. बोटानं पिवळी दाखवली. परत गाल फुगवले. परत पिवळी दाखवली.

मी बघितलं. पिवळी काचेजवळ आली होती. जबडा तसाच हलवत होती, जसा बाबांनी हलवून दाखवला. तिनं तोंड जरासं किलकिलं केलं... आणि आतून डोळे दिसले. मोहरीएवढे काळे डोळे. एक जोडी, तिच्यामागे आणखी एक.

ती आजारी नव्हती. तिच्या तोंडात पिल्लं होती. दिवसभर एकटक बघणाऱ्या बाबांना ते आधीच कळलं होतं, आणि सांगायला त्यांच्याकडे एकच शब्द होता.

फोनवर हे बोलता आलं नसतं. मी दवाखान्यात गेले. बाहेर बाकावर मांजरांच्या टोपल्या, पोपटाचा पिंजरा. कुणी अडवायच्या आत मी आतलं दार ढकललं. डॉक्टर एका दांडग्या कुत्रीच्या पंजाला पट्टी बांधत होता. मालकीणबाई तिचं डोकं धरून उभ्या होत्या. मला बघून त्याचा चेहरा उतरला.

"गेली?"

"नाही. तोंडात पिल्लं आहेत."

त्याचे हात सुटले. कुत्रीनं संधी साधून उडी घेतली, ती आम्ही तिघांनी मिळून धरली.

"मला कळायला हवं होतं," कुत्रीच्या पाठीवरून तो म्हणाला. "मी वाचलंय हे. अंडी तोंडात धरते, पिल्लं पोहायला लागेपर्यंत घास घेत नाही. माझ्याकडे सगळे नरच आहेत, प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. पण खरं कारण ते नाही."

"मग?"

"तुमचा आवाज. इथं येणारा प्रत्येक जण रडवेला असतो, माझं काम अडत नाही. त्या दिवशी तुम्ही रडवेल्या होतात आणि माझं डोकंच चालेना. समोर आजारच दिसला." तो पट्टीचं टोक शोधत होता आणि ते त्याला सापडत नव्हतं. "आणखी एक सांगायचंय. मीही बरेच दिवस तोंडात धरून बसलोय."

"मग सोडा आता, डॉक्टर," बाई म्हणाल्या. "हिचा पाय अवघडला."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "पाणी केव्हाच मुरलं होतं. मासे तीन आठवडे आधी सोडता आले असते. मी ‘अजून नाही’ म्हणत राहिलो... परत येता यावं म्हणून."

बाबांना तीन आठवडे दगड बघायला लावणाऱ्या माणसावर मला रागवायचं होतं. पण मला भांडी घासतानाची मी आठवले.

"मी तर टाकीत काहीतरी बिघडावं म्हणून मागत होते," मी म्हणाले. "बारीकसं. तुम्ही यावं म्हणून."

त्यानं वर पाहिलं. बाई कुत्रीच्या कानाशी उगाचच काहीतरी पुटपुटायला लागल्या.

"माझ्या मनात तुम्ही आहात," तो म्हणाला. साधंच म्हणाला, रोगाचं नाव सांगावं तसं. "पहिल्या दिवसापासून. तुम्हाला चालणार नसेल, तर मासे मी फोनवरूनही सांभाळून देईन."

इतके दिवस जे बोलायची भीती वाटत होती ते त्यानंच बोलून टाकलं, आणि ते भीती वाटण्यासारखं नव्हतंच.

"संध्याकाळी..." मी म्हणाले. "टाकीला काहीही झालेलं नाही. पिवळी ठणठणीत आहे. पाणी चांगलं आहे. तरी ये."

‘या’ म्हणायचं होतं. तोंडातून ‘ये’ निघालं. ते त्यालाही ऐकू आलं, बाईंनाही, आणि बहुतेक बाहेरच्या बाकालाही.

तो आला. पहिल्यांदाच पिशवी न घेता आला — जाळं नाही, नळी नाही, औषध नाही. बाबा काचेला खिळले होते. पिवळी तोंड उघडून एकेक पिल्लू बाहेर सोडत होती. बाबांनी मागे न बघता शेजारची खुर्ची डाव्या हातानं त्याच्याकडे ढकलली. तो बसला, पण रिकामे हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. गुडघ्यावर ठेवले, घडी घातली, परत सोडली.

मी शेजारी बसले आणि त्यातला एक माझ्याकडे घेतला.