आळेफाट्यावरची उलटी पावलं

कपाट उघडलं आणि आयशा दोन्ही हातांनी आत चाचपायला लागली.

पुस्तकं जागेवर होती. खालच्या फळीवरचा मोठा टेपरेकॉर्डरही जागेवर होता. पण कॅसेटचा खोका गायब. कपाटाचं कुलूप मात्र धडधाकट, आत्ताच तर वर्गातल्या गोरखनं किल्लीनं उघडलं होतं.

परीक्षा रविवारी पुण्याला. आणि आज बुधवार.

आळेफाट्यावर भिकाशेठच्या ट्रॅक्टर स्पेअर पार्टच्या दुकानावर एक खोली होती. तिथं जपानी भाषेचा वर्ग चालायचा. हसू नका राव, सन २००६ होतं. रांजणगाव-चाकणला जपानी कंपन्या आल्या होत्या आणि चार जपानी वाक्यं येणाऱ्या पोराला तिथं भाव होता. बोरी बुद्रुकच्या इंद्रायणी वाळुंज मॅडम पुण्याहून जपानी शिकून आल्या आणि इथं शिकवू लागल्या. दिवाळीच्या आधी फाट्यावरच्या चौकात एका ट्रकनं त्यांची स्कूटर उडवली. मॅडम जागीच गेल्या.

पोरांनी वर्ग सोडला नाही. ऐकण्याच्या पेपरसाठी मॅडमनी स्वतःच्या आवाजात कॅसेट भरून ठेवल्या होत्या. मेलेल्या बाईचा आवाज ऐकत पोरं रोज सकाळी अभ्यास करायची. पहिल्या आठवड्यात तर निम्मी पोरं रडायचीच.

आयशा मागच्या वर्षी ह्याच पेपरात नापास झालेली. टेप जरा पुढं गेला की ही घाबरून गोरखला म्हणायची, "थांबव, थांबव." तिचे अब्बा इस्माईलभाई जुन्नरला बांगड्या विकायचे. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "आणखी एकदा बस. नाही जमलं तर बास." रांजणगावच्या एका कंपनीनं पास झाली तर नोकरी देऊ म्हटलं होतं. सगळं त्या खोक्यावर अडलं होतं.

आणि त्यात ते भूत.

पंधरवडाभर फाट्यावर एकच बोलणं चाललं होतं. दुपारी वर्ग बंद असताना वरच्या खोलीतून इंद्रायणी मॅडम बोलतात. दोन पोरींना घरच्यांनी घरी बसवलं होतं.

हवालदार कुशाबा औटी तपासाला आले ते कुरकुरतच. भुताबितावर आपला विश्वास नाही, असं ते जिन्यात सांगत होते. जरा जास्तच वेळा सांगत होते.

दारात त्यांनी बूट काढले. आयशानं वाकून ते पटकन फिरवले, टोकं जिन्याकडं करून ठेवले.

"अगं पोरी, माझ्या बुटांना का हात लावती?"

"सवय लागलीय, काका. मॅडमनी लावली. जपानमध्ये घरात शिरताना पायताणाचं तोंड बाहेर करून ठेवतात. मॅडम तर वर्गातच काय, कुठंही असंच करायच्या."

"बरंय. पळून जायाला सोपं." कुशाबा आत आले. "कपाटाच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक गोरखकडं. दुसरी खोलीच्या किल्लीबरोबर मॅडमच्या पर्समध्ये असायची."

कुशाबांनी मान हलवली आणि टेपरेकॉर्डरकडं बराच वेळ बघत बसले.

मग त्यांनी भिकाशेठला वर बोलावलं. शेठ चपला फटफटवत थेट खोलीच्या मध्यात येऊन उभे राहिले.

"शेठ, तुमाला ही खोली रिकामी पाह्यजे म्हनं?"

"पाह्यजेच की! मोबाईलवाला दुप्पट भाडं देतोय. पन म्या पोरांना सांगितलंय, परीक्षा होऊ द्या, मग खाली करा. मॅडमच्या घरी बी निरोप धाडला, राहिलेलं सामान न्या, न्हाईतर भंगारात जाईल. आता ह्याच्यात माझी काय चोरी?"

"कॅसेट कुनी नेल्या असतील?"

"चोर असता तर टेप नेला असता, हवालदार. त्या कॅसेट घेऊन कुनी काय करायचं? त्यातलं एक अक्षर तरी कळतं का कुनाला?"

"हे मातर खरं बोलला तुमी," कुशाबा म्हणाले.

झाडलोट करणारी बायडाबाई खाली पायरीवर बसली होती. वर यायला ती तयारच नव्हती.

"काय ऐकलं, बाई?"

"आधी बारीक किंचाळली वो. लई बारीक. मग त्या चिनी का जपानी भाषेत बोलली. आन् मग म्हनली, 'आई, थांब गं जरा. येते मी.' माझ्या अंगावर काटा आला. पुन्हा किंचाळली, पुन्हा तेच. 'येते मी, येते मी.' "

"रोज?"

"रोज न्हाई. बाजाराच्या दिवशी आन् मधी एखाद्या दिवशी. दुपारी शेठ डोळा लावत्यात, तवा."

"आन् बघितलं काय?"

बायडाबाईनं पदर तोंडाशी धरला. "पावलं. काल दुपारी दाराशी चपलांचे दोन वले ठसे व्हते, चिखलाचे. बोटं जिन्याकडं. आत गेल्याचं एक पाऊल न्हाई, जिन्यावर एक पाऊल न्हाई. निस्ती ती दोन. उलटी. भुताचीच पावलं उलटी असत्यात ना, भाऊ?"

कुशाबांनी गळ्यातला ताईत चाचपला. मग स्वतःवरच चिडल्यासारखे पुन्हा वर गेले आणि दाराशी उकिडवे बसले. पुसट डाग अजून होते. काळ्या मातीचे, लहान पायाचे. मातीत कांद्याच्या रोपाची हिरवी पात चिकटून सुकली होती.

"आयशा, मॅडम कॅसेटमधी कुठं मराठी बोलल्यात का?"

"एकाच ठिकाणी. घरी रेकॉर्ड करत होत्या, तेव्हा मधेच त्यांना जेवायला हाक आली. त्या म्हणाल्या, 'आई, थांब गं जरा.' तो तुकडा आम्ही नेहमी पुढं ढकलतो, काका. ऐकवत नाही."

ती रडायलाच लागली. "बायडामावशीनं ठशांचं सांगितलं तेव्हाच मला कळलं. पायताण असं फक्त मॅडम ठेवायच्या, नाहीतर आम्ही. आणि आम्ही सगळे तर दुपारी कामावर असतो. मग मॅडमच आल्या होत्या, काका. दुसरं कोण येणार?"

"चल," कुशाबा म्हणाले. "कोन येनार ते बघून येऊ."

जीपनं दोघं बोरी बुद्रुकला उतरली. रस्त्याच्या दोन्ही अंगाला कांद्याची लागवड चालली होती, वाफे पाण्यानं भरलेले. वाळुंजांच्या घरी लाईट नव्हती. दिवसाची लाईट गावात नसायचीच, संध्याकाळीच यायची.

उंबऱ्याबाहेर चपला ओळीनं लावलेल्या होत्या. सगळ्यांची टोकं रस्त्याकडं. आयशानं कुशाबांचा हात घट्ट धरला.

"या, पावणं," आतून आवाज आला. मॅडमची आई ठमाबाई बाहेर आली. लहान चणीची बाई, पायाला चिखल. कुशाबांनी बूट काढले. ठमाबाई बोलता बोलता वाकली आणि तिनं ते फिरवून ठेवले.

आयशानं कुशाबांकडं पाहिलं. ठमाबाईला तर आपण काय केलं हेही उमगलं नव्हतं.

कुशाबा ओट्यावर टेकले. "वहिनी, तुमी बसा. मी सांगतो, चुकलं तर सांगा. फाट्यावर लोक म्हनत्यात, भूत हाय. पन भूत किल्लीनं कुलूप उघडत न्हाई. दुसरी किल्ली मॅडमच्या पर्समधी व्हती आन् ती पर्स अपघातानंतर मीच ह्या घरात आनून दिली व्हती."

ठमाबाई ओट्याच्या कडेला टेकली.

"तुमी बाजाराच्या नावाखाली फाट्याला यायच्या. जिना चढताना प्लास्टिकच्या चपला वाजत्यात, खाली शेठची झोप मोडंल, म्हनून त्या हातात घ्यायच्या. म्हनून जिन्यावर पाऊल न्हाई. वर दाराशी ठेवायच्या, त्या लेकीनं शिकवलं तशा. बायडाबाईनं बोटं बाहेर बघितली आन् तिची घाबरगुंडी उडाली. ती किंकाळी म्हंजे कॅसेट मागं फिरवताना होतो तो आवाज. भुताला तेच तेच ऐकायची हौस नसती, वहिनी. आईला असती."

"पण इथं घरी का नाही ऐकलं?" आयशानं विचारलं.

"दिवसा लाईट कुठंय?" कुशाबा म्हणाले. "आन् संध्याकाळी..."

"संध्याकाळी हे घरी असत्यात," ठमाबाई बोलली. "ह्यास्नी तिचा आवाज सोसत न्हाई. एकदा घरातल्या टेपात तिची जुनी कॅसेट वाजली, तर रानात निघून गेले, रातभर आले न्हाईत. फोटो हाय तिचा. पन फोटो बोलतो का, भाऊ?"

"मग काल खोका का उचलला?"

"शेठचा निरोप आला, भंगारात जाईल म्हनून. माझी लेक भंगारात?" तिनं दोन्ही हात पुढं केले. "म्या चोरी केली, घाला मला आत. पन कॅसेट द्यायची न्हाई."

खोका आतल्या ट्रंकेत होता, मॅडमच्या ओढणीत गुंडाळलेला. कुशाबांनी हात पुढं केला नाही. कायदा सांगायचा तर चोरी होती, पण पंचनाम्यात लिहिणार काय?

आयशा ठमाबाईच्या पायाशी बसली. "मावशी, मला रविवारी परीक्षा आहे. मॅडमचा आवाज ऐकल्याशिवाय मी पास होणार नाही. मागच्या वर्षी नापास झालेय. तुमच्याच राहू द्या. पण तीन दिवस तरी ऐकू द्या ना."

ठमाबाईनं खोका उचलून पोटाशी धरला.

"खोका मी सोडनार न्हाई," ती शेवटी म्हणाली. "पाह्यजे तर मी संगं येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठमाबाई वर्गात पुढच्या बाकावर बसली, खोका मांडीवर. घरी बसवलेल्या दोघी पोरीही आल्या होत्या. भिकाशेठ खोलीबाहेर चपला काढून उभे होते. गोरखनं कॅसेट लावली.

मॅडमचा आवाज आला. स्वच्छ, जरा घाईचा.

"काय म्हनती?" ठमाबाईनं आयशाच्या कानाशी विचारलं.

"बाई विचारतेय, स्टेशन कुठं आहे."

"कोन बाई?"

"धड्यातली. आता माणूस सांगतोय, सरळ जा, बँकेपाशी उजवीकडं वळा."

"दोघांचं बी हीच बोलती व्हय?"

"हो, मावशी."

ठमाबाई हसली. लेक गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसत असावी. "लहानपनी बी असंच करायची. एकटीच दोघींचं बोलायची. मग? पुढं काय म्हनती?"

आयशा सांगत राहिली. छत्री कुणाची, दुकान कधी उघडतं, घरात माणसं किती. मॅडम जपानीत, आयशा मराठीत. म्हातारी एकेक वाक्याला मान डोलावत होती. गोरखचं बोट बटनावर तयार होतं, पण आयशानं एकदाही त्याच्याकडं पाहिलं नाही. सांगायला दुसरं कुणी असलं की घाबरायला वेळच मिळत नाही, हे तिला तेव्हा कळलंही नसेल.

खट् करून कॅसेट थांबली. गोरख तसाच बसून राहिला.

"सपली?" ठमाबाईनं विचारलं.

"ही बाजू संपली, मावशी."

"मंग दुसरी लाव की," ती गोरखवर खेकसली. "असा बसू नको. पोरीला रविवारी परीक्षा हाय."