सात विहिरींचा चहा

विहिरीचं पाणी खारट झालं आणि त्याला वनमालाआत्याची मेथी कारणीभूत आहे असं अख्खं बेट म्हणायला लागलं, तेव्हा रोहिणीच्या सुट्टीचे जेमतेम पाच दिवस उरले होते.

आता अख्खं बेट म्हणजे तरी केवढं? या टोकाला शिंकलं तर त्या टोकाचा माणूस विचारणार, सर्दी झाली का म्हणून. मालदीवच्या शेकडो बेटांपैकी ते एक, आणि त्याचं नाव सुरजला दहा दिवसांनंतरही नीट उच्चारता येत नव्हतं. आत्या मूळची बीड जिल्ह्यातल्या उमापूरची. चार वर्षांपूर्वी ती इथल्या शाळेत गणित शिकवायला आली, तेव्हा उमापुरात सगळ्यांनी पैज लावली होती की बाई महिन्यात परत येतील. बाई काही परतल्या नाहीत. पहाटे उठून अंगणातली पांढरी वाळू झाडायची, सात वाजता शाळा, दुपारी डुलकी, ऊन कललं की मेथीला पाणी आणि संध्याकाळी दोरीच्या खुर्चीत पाय वर घेऊन समुद्राकडे बघत बसायचं, असं तिचं छान चाललं होतं. बाजरीचं पीठ उमापूरहून यायचं आणि मासे शेजारून. या दिवाळीच्या सुट्टीत तिने भाच्यांना, म्हणजे तेरा वर्षांची रोहिणी आणि दहा वर्षांचा सुरज यांना, इकडे आणलं. सोबत हीनाही आली. हीना गेवराईची, रोहिणीच्याच वर्गातली. तिचे अब्बा, जमीलचाचा, गेवराईत विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. वर्षापूर्वी आत्यानेच शब्द टाकून त्यांना इथल्या एका गेस्ट हाउसमध्ये मेकॅनिक म्हणून लावलं होतं.

आत्याची घरमालकीण आमिनाथआजी. तिला हिंदी येत होतं आणि ते सगळं सिनेमे बघून आलेलं होतं, त्यामुळे ती साधं मीठ मागायची तरी संवाद म्हटल्यासारखं मागायची. दोघींची विहीर एकच. त्या विहिरीचं पाणी खारट झालं, आजीच्या नीरफणसाची पानं करपली, पपई मान टाकून बसली. बेटाच्या कौन्सिलचे अध्यक्ष स्कूटरवर आले. त्यांनी मेथीचा वाफा पाहिला, आत्या रोज वीस डबे पाणी घालते हे ऐकलं आणि अर्धा कप चहा संपायच्या आत निकाल देऊन टाकला. एवढा उपसा केला तर पाणी बिघडणारच. शनिवारपासून या विहिरीचं पाणी बागेला बंद.

आजी काहीच बोलली नाही. आत्याला तेच लागलं. संध्याकाळी तिने उमापूरला फोन करून आबांना सांगितलं, की एवढं सत्र संपलं की मी परत येते. लोकांची विहीर नासवून त्यांच्या अंगणात राहायला तिला जमणार नव्हतं. आबा म्हणजे विठ्ठलराव, रोहिणीचे आजोबा. त्यांना मुलगी परत येणार म्हणून आनंद झाला असावा, पण आत्याचा आवाज ऐकून त्यांनी तो दाखवला नाही.

रोहिणीने मात्र सगळं ऐकलं होतं आणि तिला रडूच आलं. आत्या इथे जशी हसायची तशी उमापुरात हसलेली तिने कधी पाहिली नव्हती.

"वीस डब्यांनी इहीर नासती व्हय?" ती म्हणाली. "आपल्याकडं उसाला रात्रंदिस मोटर चालती."

"ही इहीर तरी हाय का? खड्डा हाय," सुरज म्हणाला. त्याच्या दृष्टीने ते खरंच होतं. उमापूरची विहीर साठ फूट खोल. इथे पुरुषभर खाली पाणी, आणि ते काढायला दोर-बादली नाही, लांब काठीला बांधलेला पत्र्याचा डबा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांनी कामाला सुरुवात केली. आबा करायचे तसंच केलं. दोरीला दगड बांधला, वीतभर अंतरावर गाठी मारल्या आणि विहिरीची पातळी मोजली. सकाळी सात गाठी पाणी होतं. आत्या शाळेत गेली, आजी बाजारात गेली, विहिरीकडे कुणी फिरकलं नाही. अकरा वाजता मोजलं तर पाणी पाचच गाठी!

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बीड जिल्ह्यातल्या पोराला याचा अर्थ सांगावा लागत नाही. शेजारच्याने मोटार लावली.

"चोरी," सुरज समाधानाने म्हणाला. त्याची सुट्टी सार्थकी लागली होती.

मग चोर शोधायला सुरुवात झाली. सुरज नीरफणसावर चढून बसला. हीनाने कुंपणापलीकडच्या अंगणात चेंडू टाकून तो तीनदा आणायच्या निमित्ताने पाइप शोधले. रोहिणी जमिनीला कान लावून मोटारीची घरघर ऐकत पडली, ती बाजारातून आलेल्या आजीने पाहिली. तोवर आणखीनच भलतं घडलं होतं. दुपारी पाणी पुन्हा वर चढून सात गाठी झालं. चोराने पाणी परत आणून ओतलं की काय?

आबांना फोन लावला. त्यांनी दोन्ही आकडे पुन्हा विचारून घेतले. मग म्हणाले, "बाळा, साठ वर्षं इहिरी बघतोय. उपसल्याबिगर उतरली आन् पावसाबिगर चढली, अशी एकबी न्हाई बघितली. तिथल्याच कुण्या जाणत्याला इचार."

जाणती तर समोरच कमरेवर हात ठेवून उभी होती. रोहिणीने दोरी दाखवून विचारलं आणि आमिनाथआजी इतकी हसली की तिला कठड्यावर बसावं लागलं. समुद्राला ओहोटी लागली की बेटावरच्या सगळ्या विहिरी उतरतात आणि भरती आली की चढतात, हे इथल्या रांगत्या पोराला ठाऊक होतं. बेटाच्या पोटात सगळीकडून समुद्रच शिरलेला आहे, तिने सांगितलं. त्या खाऱ्या पाण्यावर पावसाचं गोडं पाणी तरंगतं, दुधावर साय धरावी तसं. म्हणून डबा वरच्या वर बुडवायचा. सुरजने पहिल्याच दिवशी काठी तळापर्यंत खुपसली होती तेव्हा ती अंगावर का ओरडली, ते आता कुठे कळलं.

रोहिणी तिथेच वाळूत बसली. आत्याचे वीसच्या वीस डबे वरच्या वर भरलेले होते. नुसती साय काढली तर ती कमी होईल, पण खालचं पाणी वर येण्यासाठी कुणीतरी खालून ओढत असलं पाहिजे.

"चाखून बघू," ती म्हणाली. "गल्लीतल्या समद्याच इहिरी."

शाळेपासून समुद्राकडे जाणाऱ्या त्या गल्लीत सात विहिरी होत्या. सात बाटल्या भरल्या, पाणी उकळलं, गार केलं. सुरजची जीभ उमापुरात प्रसिद्ध होती, भाजीत मीठ पडलंय की नाही हे तो वासावरून सांगायचा. शाळेजवळची पहिली विहीर त्याला गोड लागली, दुसरी आणि तिसरीही. चौथीला त्याने भुवया वर केल्या. पाचवी आत्याची, तिथे तोंड वाकडं झालं. सहावीचा घोट तो थुंकला. सातवीचा घोट घेऊन तो थेट मोरीकडे पळाला.

दोष मेथीचा असता तर पाचवी सगळ्यांत खारट हवी होती. सातवी होती गेस्ट हाउसची. आणि तिथली मोटार सांभाळायचे हीनाचे अब्बा.

गुरुवारी सकाळी तिघं तिकडे गेली तेव्हा जमीलचाचा खुशीत होते. गेस्ट हाउसच्या मालकांनी, हुसेनभाईंनी, पाहुण्यांना अंगावरची वाळू धुवायला बागेत सहा फवारे बसवले होते, आणि ते दिवसभर चालूच असायचे. ओहोटीला पाणी उतरलं की मोटार हवा घ्यायची. मग चाचांनी काय करावं? गेवराईत तीस वर्षं जे केलं तेच केलं. विहिरीच्या तळाला बोअर मारलं आणि बारा फूट पाइप खाली सोडला.

"पानी कम पड्या तो नीचे जानेका," ते अभिमानाने म्हणाले. "तीन हफ्ते झाले, एकदाबी मोटर बंद पडली न्हाई."

खालून कोण ओढतंय, ते हीनाला कळलं. परत येताना ती वाळूत बसली ती उठेचना. आता अब्बांची नोकरी जाणार, असं तिला वाटत होतं. रोहिणी तिच्या शेजारी बसली. शेवटी ती म्हणाली, की तू म्हणशील तर आपण सातव्या विहिरीचं कुणालाच सांगायचं नाही.

"आन् आत्या?" हीनाने विचारलं. "माझ्या अब्बाला हितं कुणी आणलं? आत्यानंच ना?" तिने नाक पुसलं. "अब्बाला मीच सांगते. पण त्या हुसेनभाईला कोण सांगणार? त्यो तर बाटलीतलं पाणी पितो. त्याच्या इहिरीची चव त्याला कधी कळायची?"

आणि याच बोलण्यातून रोहिणीला युक्ती सुचली. मोठ्या माणसांना सांगायला गेलं की ती ऐकत नाहीत, हा तिचा अनुभव होता. पण चहाला बोलावलं तर येतात.

शुक्रवारी दुपारी नमाजानंतर आत्याच्या अंगणात सगळी गल्ली जमली. आत्याला वाटत होतं, आपला निरोपाचा चहा पोरांनी हौसेने ठेवलाय. उमापूरचा चिवडा होता. अध्यक्ष होते, हुसेनभाई होते. जमीलचाचा मागे पपईजवळ उभे होते. आदल्या संध्याकाळी हीनाने त्यांना सगळं सांगितलं होतं, तेव्हापासून ते जेवले नव्हते. ते काय करतील हे हीनालाही माहीत नव्हतं.

रोहिणीने सात विहिरींच्या सात किटल्या मांडल्या. त्यात कोरा चहा होता, साखर सगळ्यांत सारखी. हिंदी सिनेमे इथे सगळेच बघायचे, म्हणून अध्यक्षांना तिने हिंदीतच अदबीने विनंती केली, की सातही किटल्यांतला एकेक घोट घ्या आणि सांगा आम्हाला चहा जमतो का. अध्यक्ष हसून तयार झाले. पहिले तीन घोट फक्कड. चौथ्याला ते थबकले. पाचव्याला म्हणाले, ही वनमालाबाईंची विहीर दिसते. सहाव्याला त्यांचं हसू गेलं.

"अजून एक राहिलाय," सुरज म्हणाला. "पण तो हुसेनअंकलना द्या. त्यांच्याच घरचा हाय."

हुसेनभाईंनी मोठा घोट घेतला आणि सगळ्या अंगणासमोर तो वाळूत थुंकला. मग कपाकडे बघत राहिले, जणू कपाने दगा दिला होता.

रोहिणीने गल्लीचा नकाशा वाळूवर काढून दाखवला. तरीही हुसेनभाई सावरून म्हणाले, की माझ्याकडे तर साधी मोटार आहे, सगळ्यांकडे असते तशीच.

"साधी न्हाई." मागून आवाज आला. जमीलचाचा पुढे आले. त्यांनी हिंदीत, थांबत थांबत, सगळं सांगितलं. बोअर, बारा फूट, तीन आठवडे. "आमच्या मुलखात पाणी खाली असतं, साहेब. इथं ते वर असतं, हे मला कळलं नाही. मी कुणाला विचारलं पण नाही. चूक माझी आहे. वनमालाआपांची नाही."

एवढं बोलून ते आत्यासमोर मान खाली घालून उभे राहिले. हीनाने जाऊन त्यांचा हात धरला. मग अध्यक्ष खुर्चीतून उठले आणि आत्याला म्हणाले, की बाई, मी फक्त मेथी बघून निकाल दिला, मला माफ करा. हुसेनभाईंना त्यांनी सांगितलं, की फवारे आजपासून बंद, पावसाच्या टाकीतून चालवायचे असतील तर चालवा. हुसेनभाईंनी मान डोलावली. त्या चहाची चव त्यांच्या तोंडात अजून होती.

संध्याकाळी निम्मी गल्ली गेस्ट हाउसच्या विहिरीवर पाइप ओढायला लोटली. बोअर बुजवल्यावर जमीलचाचांनी मोटारीच्या पाइपाचं तोंड एका रिकाम्या कॅनला बांधून पाण्यावर सोडलं, म्हणजे भरती येवो की ओहोटी, पाइप वरचंच पाणी ओढणार. अध्यक्षांनी ते दोनदा निरखून पाहिलं आणि शाळेच्या मोटारीलाही तसंच करून द्यायला सांगितलं. हुसेनभाईंनी लगेच बजावलं, की शाळेचं काम झालं की माझा मेकॅनिक मला परत पाहिजे. हीना तेव्हा कुठे मोकळेपणाने हसली. अध्यक्षांनी तिघांच्या पाठीवर थाप दिली आणि सुरजला विचारलं, तुझी जीभ कौन्सिलात नोकरीला ठेवतोस का? सुरजने पगार विचारला.

विहिरी लगेच काही गोड झाल्या नाहीत. त्याला दोन महिन्यांचा पाऊस लागेल, असं आमिनाथआजी म्हणाली. पण शनिवारी बागेचं पाणी कुणी बंद केलं नाही.

त्या संध्याकाळी सगळी अंगणात बसलेली असताना आबांचा फोन आला. तुझी खोली रंगवून ठेवू का, असं त्यांनी विचारलं. आत्याने मेथीच्या वाफ्याकडे पाहिलं.

"नका रंगवू आबा," ती म्हणाली. "मी हितंच ऱ्हाते. माझं घर हाय हे."

फोनवर आबा हसल्याचं रोहिणीला ऐकू आलं. "मंग ऱ्हा की. कोण अडवतंय?"

आजीला मराठी कळत नव्हतं. वनमाला काय म्हणाली, म्हणून तिने रोहिणीला कोपराने ढोसलं. रोहिणीने हिंदीत सांगितलं, आत्या म्हणते, हे माझं घर आहे.

आमिनाथआजीने कपाळाला आठ्या घातल्या.

"तो किसने कहा था, नहीं है?" ती म्हणाली, आणि आत्याच्या हातातला फोन काढून घेऊन आबांशीच बोलायला लागली.