काठाला टेकलेला डाग

जेवणाचा डबा धुऊन टेक्निशियनबाई तळघरातल्या एमआरआयच्या खोलीत परतल्या, तेव्हा दुपारचा पहिला पेशंट दारात व्हीलचेअरवर बसला होता. पासष्टीचे टेलरमास्तर. सकाळी हातातून कप निसटला, उजवा हात जड झाला, बोलणं किंचित बोबडं येत होतं. बाईंनी नेहमीप्रमाणे अंगावरचं लोखंड काढायला सांगितलं, तर मास्तरांच्या कॉलरीखालून एकामागून एक अकरा टाचण्या निघाल्या.

"बायको म्हणायची, तुमच्याजवळ यायची सोय नाही," मास्तर हसले. बरोबर आलेली लेकही हसली आणि बाहेर जाऊन बसली.

मास्तर मशीनच्या बोगद्यात सरकले. ठकठक सुरू झाली. थोड्या वेळाने पडद्यावर मेंदूचा देठ, श्वास आणि हालचाल सांभाळणारा भाग, उमटला आणि त्यात एक पांढरा डाग. बोराएवढाच. पण एकाखाली एक अशा तीन चित्रांत तो सलग दिसत होता, आणि पुढच्या काठाला टेकला होता.

 असाच डाग बाईंनी महिन्यापूर्वी पाहिला होता, एका ट्रक ड्रायव्हरचा. तोही बोलत, शिव्या हासडत आला होता. असा डाग दोन दिवसांत माणसाला आडवं करू शकतो, हे वीस वर्षांच्या नोकरीने त्यांना शिकवलं होतं. पण मोठे डॉक्टर म्हणाले होते, "बोलतोय ना? मग साध्या वॉर्डात पाठवा." बाई गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरचं अंग गेलं, वाचा गेली. नुसते डोळे हलत राहिले. नऊ दिवस त्या डोळ्यांत संताप पेटलेला होता. मग ते मिटले.

ठकठक मध्येच थांबली. स्पीकर खरखरला.

"बाई..."

"मास्तर, हलू नका. काही होतंय का?"

"बघितलंस ना... काठाला लागलाय."

आवाज मास्तरांचा नव्हता. घोगरा, खरवडलेला. बंद खोलीत डिझेलचा वास दाटून आला.

"मागच्या वेळीही बघितलं होतंस... तोंड उघड ना, बये! माझं तर... उघडतच नव्हतं."

बाईंनी कॅमेऱ्यात पाहिलं. मास्तर तोंड मिटून गाढ झोपले होते.

त्यांना भीती वाटली, पण क्षणभरच. मग तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टरांचा राग, आणि त्याहून स्वतःचा. मास्तरांना बाहेर काढून लेकीच्या स्वाधीन केलं आणि चित्रं घेऊन त्या जिना चढल्या.

"रिपोर्ट देणं तुमचं काम नाही," मोठे डॉक्टर मान वर न करता म्हणाले. "पेशंट बोलतोय. वॉर्डात जाऊ दे."

"ड्रायव्हरही बोलत होता!" बाईंचा आवाज ओपीडीभर घुमला. रांगेतली माणसं वळून बघू लागली. "तेव्हा मी थोबाड बंद ठेवलं. आज मला नोकरीवरून काढा, पण आधी हे बघा. नाहीतर त्यांच्या लेकीला इथे बोलावते, तिच्यासमोर सांगा."

डॉक्टरांनी चित्रं हिसकावून घेतली. एकदा पाहिली. पुन्हा पाहिली. मग कागदावर 'आयसीयू' लिहिलं.

दिवस कलताना मास्तरांची दुसरी बाजूही लुळी पडली, श्वास अडखळला. पण डॉक्टर उशाशी होते, श्वासाची नळी वेळेवर पडली. मास्तर वाचले.

आठवड्याने बाई त्यांना भेटायला गेल्या. घशातल्या नळीमुळे बोलता येत नव्हतं, पण डावा हात हलू लागला होता. लेकीने पाटी धरली. मास्तरांनी वेडीवाकडी अक्षरं काढली:

'आत माझ्याशेजारी होता, तो बाहेर आला का?'

"औषधांनी भास होतात त्यांना," लेक हळूच म्हणाली.  त्या बोगद्यात एक माणूस कसाबसा मावतो.

मास्तरांनी पाटी पुसायची खूण केली. पुन्हा लिहिलं:

'मला म्हणाला, तुम्ही जा. मी थांबतो. मोठे डॉक्टर अजून आत यायचेत.'