ग्रहणात सांडलेलं पाणी

त्याचा बैल माझ्या टोपलीतली मेथी खात होता, आणि हा बाप्पा मात्र आमच्या छपराकडे तोंड वर करून उभा!

"ओ गाडीवाले! बैल सांभाळा नं जी... माही मेथी खाऊन राह्यला."

"मेथीचं जाऊ दे व. तुमच्या दारात पान्याची घागर काहून नाई?"

बघा, पहिल्याच भेटीत माणूस काय विचारतो! पण डोळे असे होते, की मी माणिक, माळ्याची तिखट पोर, भांडायचंच विसरले.

तो अंजनगावचा खुशाल. त्या वर्षांत कापसाला सोन्याचा भाव आला होता. अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या गवती छपरांना खेटून व्यापाऱ्यांच्या कापसाचे ढीग लागले होते. सगळे खुशीत. हा एकटाच दारोदार सांगत फिरे – अंजनगावात एका ठिणगीनं अख्खी आळी गेली. दारात भरल्या घागरी ठेवा, ओलं घोंगडं ठेवा. लोक टिंगल करत. मी मात्र घरोघर जाऊन बायकांना तयार केलं, मोर्णा नदीवरून पाणी आणवलं.

"तुहं बरं आयकतेत साऱ्या," तो म्हणाला.

"तुमी कोनाशी गोड बोलता का कधी? मंग कोन आयकन?"

"तुह्याशी बोलतो नं..." आणि स्वतःच लाजला. त्याच्या केसांत कापूस अडकला होता. मी हात पुढे केला, मागे घेतला.

"काढ नं," तो हळूच म्हणाला. मी काढला.

बाबांनी आमच्या लग्नाची सुपारी फोडली. मी हवेत होते.

मग सूर्यग्रहण आलं. ग्रहणात साठवलेलं पाणी विटाळतं, ते ओतून द्यायचं, ही आमची रीत. खुशालनं हात जोडले, "तुयशीचं पान टाका, पन सांडू नोका." मीही घसा फोडून सांगितलं. पण आळीतल्या थोरल्या पार्बताआत्यानं पहिली घागर उपडी केली, आणि आळीभर घागरी उपड्या झाल्या. ग्रहण सुटलं तशा साऱ्याजणी नदीवर आंघोळीला गेलो. तेवढ्यात कुणाच्या चिलमीची ठिणगी कापसावर पडली.

खुशाल घोंगडं घेऊन एकटा धावला. आत्याचा नातू त्यानंच बाहेर काढला. हात कोपरापर्यंत भाजले. आळी गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी राखेत उभं राहून घागरींचं नाव कुणी काढलं नाही.

"हा रोज आगीचं बोले," आत्या म्हणाली. "वास्तू तथास्तू म्हनते, बाप्पा."

बाबांनी मान डोलावली. "सोयरीक मोडली, खुशालराव."

"पानी कोनं सांडलं, हे बोला नं बाबा!" मी ओरडले. मी खुशालकडे पाहिलं. घागरींसाठी दारोदार भांडलेला माणूस, माझ्यासाठी एक शब्द तर बोलेल...

तो खाली बघत राहिला.

"मले तुमीच पायजे. साऱ्याईसमोर सांगून राह्यली मी."

"तुह्या बापाचं घर जयलं व, माणिक... त्याहीले आता काय बोलू?"

तो गाडीकडे वळला. मी मागे धावले. "आगीत उडी घेता येते, अन् माह्या बापासमोर तोंड उघडता येत नाई?"

भाजल्या हातांनी त्याला कासरा धरवत नव्हता. तो मीच त्याच्या मनगटाला बांधून दिला... आणि म्हणाले, "जा."