दोन सेकंदांच्या आत

"अहो, चहा घेताय की मुहूर्त काढताय?"

चहा-कॉफीच्या यंत्रासमोर तो बोट उगारून उभा होता, आणि मागे मी, रिकामा कप घेऊन. तो दचकला, हसला… आणि आधी माझाच कप भरून दिला. गालाला खळी पडते हे मला तेव्हाच दिसलं.

नंतर कळलं, ज्या क्वांटम संगणकाची परीक्षा घ्यायला मी तीन आठवड्यांसाठी आले होते, तो सांभाळणारे साहेब हेच! संगणकांची कुलपं आकड्यांची असतात, आणि कुणालाच अंदाज येणार नाही असे आकडे हे यंत्र देतं म्हणे. त्याची खात्री मी करायची. दर वेळी नवाकोरा प्रश्न टाकायचा, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेलं उत्तर चालत नाही. उत्तर दोन सेकंदांत यायला हवं. उशीर झाला, तर मागे कुणी साध्या संगणकावर ते रचलं असेल… म्हणून बाद.

"फार कडक बाई आहात," तो म्हणायचा.

"आणि तुम्ही? खिडकी उघडू का विचारलं, तर उत्तराला दुपार होते."

"माणसानं विचार करून बोलावं."

"माझ्या परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला बाद व्हाल!"

तो हसायचा, खळी पडायची, आणि माझ्या नोंदी चुकायच्या.

शेवटच्या दिवशी यंत्र पास झालं. इथेच कायमची नोकरी करता का, असं इथल्या वरिष्ठांनी मला विचारलं होतं. पाचपर्यंत कळवायचं होतं. मला राहायचं होतं हो… पण ज्याच्यासाठी, त्याच्या मनात काय? पावणेपाचला तो वायर गुंडाळत होता. मी मनाचा हिय्या केला.

"मी इथेच राहू?"

"राहा!"

वायर हातातून सुटली. कान लालबुंद.

"अगंबाई! विचार नाही केलात?"

"केला ना… त्या चहाच्या दिवसापासून तेवढाच करतोय. उत्तर तयार होतं — तूच विचारत नव्हतीस. मला तू आवडतेस."

तू! अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं.

"म्हणजे आधीच ठरलेलं उत्तर?" मी आवाज कडक ठेवला. "माझ्या नियमात साफ नापास."

"नापास तर नापास," तो म्हणाला. खळी पडली.

मी राहते म्हणून कळवलं, मग आईला फोन लावला.

"असं अचानक काय गं ठरवलंस?"

"अचानक नाही, आई," मी म्हटलं. समोर तो दोन कप घेऊन उभा होता, आणि चहा की कॉफी, हे त्यानं विचारलंच नव्हतं.