फडक्याखालचा डाग

"पोरगा माझा का तोतया, येवढं त्याच्या चुलत्यासमोर ठरवून द्या," भागिरथीबाई म्हणाल्या आणि पाणीही न घेता उठल्या.

बारा वर्षांपूर्वी पुणतांब्याला गोदावरीत बुडालेला त्यांचा नऊ वर्षांचा आदिनाथ परवा दारात उभा राहिला होता. गुप्तहेर माधुरी खर्डे लगेच निघाली. मागोमाग तिचा मदतनीस प्रवीण. बिचाऱ्याच्या डोक्यात प्रकाश जरा उशिराच पडायचा.

आदिनाथने पोटरी दाखवली. जांभळट, जाड, खरबरीत डाग.

"घाटावर कुनीतरी मागून तोंडावर घोंगडी टाकली अन् ढकललं. झटापटीत पोटरीचं फडकं सुटलं. घोंगडी आमच्याच घरची हुती. मग घरी कसा येनार? नेवाशाकडं कोळ्यांनी काढलं, तिथंच वाढलो."

"फडकं कसलं?" माधुरीने चुलतीला, रंगुबाईला विचारलं.

"माझ्या जावेनं ग्रहणात भाजी चिरली, म्हनून पोराला डाग. लोकं नावं ठेवायची, मग कायम फडकं. बाळंतपन माहेरी, काष्टीला. सासरी आली ती फडकं बांधूनच. आमी कुनी डाग पाह्यलाच न्हाई."

चुलता पुंजाराम तावातावाने आला. भावामागे सगळी जमीन तोच कसत होता.

"तोतया हाय! आदिनाथचा डाग सपाट हुता, गुलाबी, पाकळीवानी. ह्याचा बघा, बाभळीच्या सालीवानी! अन् त्या दिशी मी घाटाकडं फिरकलोबी न्हाई."

प्रवीणला पटलं. डाग काय बदलतो थोडाच?

"बदलतो," संध्याकाळी ओसरीवर, पोलीस पाटलांसमोर माधुरी म्हणाली. "नगरच्या डॉक्टरांनी तपासलाय. कातडीखाली बिघडलेल्या रक्तवाहिन्यांचं जाळं जन्मापासूनच असतं. लहानपणी डाग सपाट दिसतो, वयाबरोबर वरची कातडी जाड होते. काकांनी वर्णन बरोबर केलं. पण घरात कुणी न पाहिलेला डाग त्यांनी पाहिला कधी? फडकं सुटलं ते घाटावर!"

पुंजारामने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. तो उठायला गेला, तर पोलीस पाटील दारात उभे.

"मावशी, आता तरी खात्री पटली ना?" प्रवीणने हळूच विचारलं.

"ती पहिल्याच दिशी पटली. डागाची तपासनीबी मीच करून घेतली." भागिरथीबाईंनी दिरावरची नजर काढली नाही. "मला फकस्त ह्याच्या तोंडून तो डाग ऐकायचा हुता. बारा वर्सं माझ्या पोराच्या श्राद्धाला हा माझ्या हातचं पोटभर जेवला. आता तुरुंगातली भाकर खा म्हनावं."